आधी पाणी, मग मासा

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक प्रश्न तीन-चार वेळा आला. घरात काचेची लहानशी टाकी आहे किंवा घ्यायची आहे, मुलांना दुकानातले ते निळे-पिवळे आफ्रिकन मासे आवडले आहेत, तर त्यातले कोणते घ्यावेत? एका भगिनीने शेवटी लिहिले आहे, "मास्तरांनी उत्तर जरा लवकर द्यावे, मुलाने घर डोक्यावर घेतले आहे."

उत्तर देतो. पण आधी आमच्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण हे उत्तर आम्हाला आमच्या चुकीतून मिळाले आहे आणि त्या चुकीची किंमत दुसऱ्याच कोणी मोजली.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एका लग्नासाठी आम्ही मोठ्या शहरात गेलो होतो. धाकटा तेव्हा दुसरीत होता. परीक्षेत चांगले गुण मिळाले तर मासे आणू, असे आम्ही त्याला कबूल करून बसलो होतो. शब्द दिला की पाळला पाहिजे, म्हणून लग्नातून वेळ काढून दुकानात गेलो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी घेतली. दुकानदाराने एका जाळीत आठ मासे धरले. अंगठ्याच्या पेराएवढे, एकेक रंग असा की नजर ठरू नये. "आफ्रिकन मिक्स आहे, सगळे लहानच राहतात, खायला काहीही घाला," तो म्हणाला. आम्ही शिक्षक माणसे, वर्गात मुलांना 'प्रश्न विचारा' असे रोज सांगतो. तिथे मात्र आम्ही एकही प्रश्न विचारला नाही.

पहिले दोन आठवडे घरात ईद होती म्हणा ना. तिसऱ्या आठवड्यात एक मासा फिल्टरच्या मागे मरून पडलेला सापडला, शेपटी कुरतडलेली. पाणी खराब झाले असेल, असे समजून आम्ही सगळेच्या सगळे पाणी बदलले. त्याने आणखी दोन गेले. टाकीत पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेला एक मासा होता. तो दिवसभर बाकीच्यांच्या मागे धावत असे आणि बाकीचे वरच्या कोपऱ्यात तोंड वर करून थांबलेले असत. सहा आठवड्यांत आठातले सहा गेले.

धाकटा रोज सकाळी शाळेचा गणवेश घालून टाकीपुढे उभा राहून मासे मोजायचा. सहावा गेला त्या दिवशी त्याने विचारले, "अब्बू, याला आपण मारलं का?"

"नाही बेटा, त्या पिवळ्याने मारलं," आम्ही म्हणालो.

आमच्या अम्मी पलंगावर बसून तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "आणि पिवळ्याला त्या पेटीत कुणी घातलं? बेजुबान जीव बोलत नाहीत म्हणून त्यांचा हिशेब होणार नाही, असं समजू नका."

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. उरलेले दोन मासे पाच फुटी टाकी असलेल्या एका परिचितांना देऊन टाकले. आमची टाकी पुसून कपाटावर चढवली. धाकट्याने पुढे बरेच दिवस माशांचे नाव काढले नाही. मुलाने हट्ट केला असता तर बरे वाटले असते.

चूक कुठे झाली?

पुढे सवडीने वाचले, जाणकारांना विचारले, तेव्हा उलगडा झाला. सिक्लिड हे माशांचे एक फार मोठे कुटुंब आहे. आपल्याकडच्या धरणांत आणि बाजारात मिळणारी तिलापी, जिला काही भागांत चिलापी म्हणतात, तीही याच कुटुंबातली आणि मूळची आफ्रिकेतलीच. दुकानात 'आफ्रिकन' म्हणून मिळणारे बहुतेक रंगीत मासे मात्र मलावी सरोवरातले असतात. हे सरोवर मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांना लागून आहे, सुमारे ५८० किलोमीटर लांब. त्याच्या खडकाळ काठावर राहणाऱ्या माशांना तिथल्या टोंगा भाषेत 'म्बुना' म्हणतात. आमच्याकडे आले होते ते हेच.

म्बुना खडकावरचे शेवाळ खरवडून खातो. ज्या खडकावर शेवाळ, तो खडक त्याचा. दुसरा नर जवळ आला की तो हाकलतो. सरोवरात हाकललेल्याला पळायला जागा असते. तो दहा-वीस फूट लांब गेला की भांडण मिटले. आमच्या दोन फुटांच्या पेटीत पळणारा काचेला धडकून पुन्हा त्याच्याच पुढ्यात येत होता. तो पिवळा-काळा मासा दुष्ट नव्हता. त्याला जे जन्मजात येते तेच तो करत होता. जागा आम्ही चुकीची दिली होती.

खाण्याचीही चूक झाली. शेवाळ खाणाऱ्या माशाचे आतडे लांब असते. त्याला जड, प्रथिनांनी भरलेले खाणे सतत घातले की पोट फुगते आणि मासा दगावतो. 'काहीही घाला' हा सल्ला त्याच्यासाठी विषच होता.

आणि 'लहानच राहतात' याचा अर्थ काय? दुकानात दीड इंचाचा दिसणारा पिवळा लॅबिडोक्रोमिस, ज्याला दुकानदार 'यलो लॅब' म्हणतात, तो आठ-दहा सेंटिमीटरचा होतो. स्वभावाने तो म्बुनांत त्यातल्या त्यात शांत, पण त्यालाही चार फुटांची टाकी हवी. निळ्या-काळ्या पट्ट्यांचा डेमासोनी सात-आठ सेंटिमीटरवर थांबतो, मात्र भांडखोर इतका की जाणकार त्याला मोठ्या टाकीत बारा-पंधराच्या घोळक्यातच ठेवतात, म्हणजे मार एकावर न पडता वाटला जातो. मासा लहान असला म्हणजे त्याची गरज लहान असते असे नाही. हे वाक्य मुलांना वहीत लिहून घ्यायला सांगावे असे आहे.

लातूरचे पाणी आणि अम्मींची अट

चार महिन्यांनी आम्ही पुन्हा टाकी काढायचा विषय काढला, तेव्हा अम्मींनी दुसरीच गोष्ट पुढे केली. आम्ही लातूरकर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून आमच्या शहरात पाणी आले होते. पहिल्या फेरीत सुमारे पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात ज्याने हंडे घेऊन रांग लावली आहे, त्याच्या घरात पाणी सांडण्याचा आवाज झाला तरी छातीत धस्स होते. अम्मी म्हणाल्या, "ज्या गावात पाणी रेल्वेने आलं, तिथे शौकासाठी पाणी ओतायचं?"

हा प्रश्न योग्य होता आणि त्याचे उत्तर गणिताने देणे भाग होते. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच म्हणजे ९ घनफूट, म्हणजे २५० लिटरच्या वर. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचे तर साठ लिटरपेक्षा जास्त. असा शौक आमच्या गावात आम्हाला शोभणार नाही. आमची दोन फुटी टाकी २ घनफूट, ५६ लिटर. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी साधारण ४५ लिटर. चौथा हिस्सा म्हणजे अकरा-बारा लिटर, एक बादली.

अम्मींच्या अंगणात मोगरा, कढीपत्ता आणि पुदिन्याच्या कुंड्या आहेत. आठवड्याला बादलीभर पाणी त्यांना जातेच. तेव्हा असे ठरले की कुंड्यांना जाणारी बादली आधी माशांकडे जाऊन येईल. माशांच्या टाकीतले जुने पाणी झाडांना चांगलेच मानवते, कारण त्यात नायट्रेट असते, म्हणजे एक प्रकारचे खतच. अम्मींनी हिशेब दोनदा ऐकला आणि अट घातली: दोन फुटांच्या वर एक इंचही टाकी वाढणार नाही, आणि यात जो मासा सुखाने राहू शकत नाही तो या घरात येणार नाही.

म्हणजे आता प्रश्न उलटा झाला. पहिल्या वेळी मासा निवडून आम्ही तो घरात बसवू पाहिला होता. आता घर आणि पाणी आधी ठरले होते आणि त्यात कोण बसतो हे शोधायचे होते. वाचकहो, आमचे सगळे उत्तर या एका वाक्यात आहे. बाकीचा तपशील आहे, पण तोही कामाचा आहे.

आपल्या नळाला विचारा

टेस्ट किट आणून बोअरचे पाणी तपासले. पीएच ८ च्या आसपास, आणि पाणी जड. यात नवल नव्हते. आमच्याकडे चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, गिझर दोन वर्षांत कामातून जातो. दख्खनच्या काळ्या खडकातल्या बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी असेच असते.

मुलांचे मामू दापोलीकडे राहतात. त्यांच्या जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी तपासले तर पीएच साडेसहा आणि पाणी इतके मऊ की हाताचा साबण निघता निघत नाही. एकाच महाराष्ट्रात, एकाच कुटुंबात, दोन अगदी वेगळी पाणी. मग दोन्ही घरांत एकच मासा कसा चालेल?

पाणी बदलायच्या भानगडीत पडू नये, असे आमचे मत झाले आहे. जड पाणी आरओने मऊ करायचे किंवा मऊ पाण्यात पावडरी घालून जड करायचे, हे करता येते, पण एखाद्या आठवड्यात विसरले की माशांना झटका बसतो. आपल्या पाण्याला जो मासा मानवतो तो निवडणे सोपे आणि स्वस्त. एक सूचना मात्र आहे. बोअरच्या पाण्यात नायट्रेट आधीच जास्त असू शकते, तेही तपासून घ्यावे. आरओ यंत्रातून बाहेर टाकलेले पाणी टाकीत घालण्याचा मोह टाळावा, कारण त्यात सगळेच क्षार दाट झालेले असतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, त्यासाठी दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब वापरावेत.

मऊ पाण्याच्या घरांसाठी

कोकणातल्या किंवा मऊ पाणी असलेल्या घरांसाठी आमची पहिली पसंती 'क्रिबेन्सिस'. शास्त्रीय नाव पेल्विकाक्रोमिस पुल्चर. लॅटिनमध्ये पुल्चर म्हणजे सुंदर. हा नायजेरियाच्या दक्षिण भागातल्या, झाडांच्या सावलीतल्या ओढ्यांमधला. नर सुमारे दहा सेंटिमीटर, मादी सातच्या आसपास. या माशात मादी जास्त रंगेल. पिल्लांच्या दिवसांत तिचे पोट पिकल्या करवंदासारखे लालजांभळे होते.

याची एकच जोडी ठेवावी. टाकी दोन-अडीच फुटांची. लपायला गुहा लागते, त्यासाठी नारळाची अर्धी करवंटी उपडी ठेवून तिला एक दार कापले की झाले. दापोलीला करवंट्यांना तोटा नाही. मादी करवंटीच्या आत छताला अंडी चिकटवते. पिल्ले बाहेर पडली की आई-बाप दोघे मिळून त्यांना फिरायला नेतात, एक पुढे आणि एक मागे. त्या दिवसांत टाकीतल्या इतर माशांची खैर नसते, म्हणून गर्दी करू नये. क्रिबेन्सिस तसा सोशीक आहे, मध्यम पाण्यातही राहतो.

आणखी लहान हवा असेल तर सिएरा लिओन, गिनी आणि लायबेरियाकडचा 'आफ्रिकन बटरफ्लाय' आहे, शास्त्रीय नाव अनोमॅलोक्रोमिस थोमासी. सात-आठ सेंटिमीटरचा, स्वभावाने गरीब. आपल्याकडे तो नेहमी मिळत नाही. मिळाला तर जोडी जरूर पाहावी.

जड पाण्याच्या घरांसाठी

आमच्यासारख्या जड पाण्याच्या घरांनी टांगानिका सरोवराकडे पाहावे. टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया या चार देशांच्या मध्ये हे सरोवर आहे. लांबी सुमारे ६७० किलोमीटर, सर्वांत खोल जागी १,४७० मीटर. जगात यापेक्षा खोल सरोवर फक्त बैकाल. इथले पाणी जड आणि पीएच ९ च्या जवळ. सिक्लिडच्या सुमारे २४० जाती या एका सरोवरात आहेत आणि त्यातल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. काठावर स्वाहिली बोलली जाते. उर्दू शिकवणाऱ्याला गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे स्वाहिलीत माशाला 'समाकी' म्हणतात. अरबीतला 'समक' समुद्र ओलांडून तिथवर गेला आहे. तिथले कोळी रात्री होडीवर दिवे लावून 'दगा' नावाची बारीक मासळी पकडतात आणि ती उन्हात वाळवतात. आमच्या कोकणी नातेवाइकांना सुक्या मासळीचे हे वर्णन ओळखीचे वाटेल.

या सरोवराच्या तळाशी काही ठिकाणी गोगलगायींच्या रिकाम्या शंखांचे थरच्या थर पसरलेले आहेत. त्या शंखांत राहणारे छोटे सिक्लिड आहेत. त्यातला सर्वांत लहान म्हणजे निओलॅम्प्रोलॉगस मल्टिफॅसिएटस. नाव लांबलचक, म्हणून पाळणारे त्याला 'मल्टी' म्हणतात. नर साडेचार-पाच सेंटिमीटर, मादी तीन-साडेतीन. जगातल्या सर्वांत लहान सिक्लिडांत याची गणना होते. एकेका माशाचा एकेक शंख. धोका वाटला की सर्रकन आत. एक-दोन नर, तीन-चार माद्या, मोठी मुले, लहान मुले असे सगळे एकाच मोहल्ल्यात राहतात. त्यांचे भांडण वीतभर जागेचे असते, कारण त्यांची दुनियाच वीतभर असते. दोन फुटांची टाकी या माशाला पुरते. आम्ही कितीतरी दिवस शोधत होतो तो हाच.

याच तऱ्हेचा दुसरा मासा ऑसेलॅटस. पाच-सहा सेंटिमीटरचा, रुबाबदार, आणि हात घातला तर हातालाही चावायला धावणारा. हा आपला शंख वाळूत पुरतो, फक्त तोंड उघडे ठेवतो. एक नर आणि एक-दोन माद्या एवढेच ठेवावे. तिसरा पर्याय ज्युलिडोक्रोमिस, सात-आठ सेंटिमीटरचा, दगडांच्या फटीत राहणारा. त्याची एकच जोडी आणि अडीच फुटांची टाकी. या तिघांची एकत्र खिचडी मात्र लहान टाकीत करू नये. एक टाकी, एक जात. लहान घराचा हाच नियम सुखाचा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मल्टी रंगीत नाही. फिकट अंगावर तपकिरी पट्टे, निळसर डोळे, बस. धाकट्याने पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा त्याचा चेहरा पडला. "हे तर चिमण्यांसारखे आहेत," तो म्हणाला. आम्ही म्हणालो, "चिमण्याच आहेत. पण मरणार नाहीत." त्याने जरा विचार करून मान हलवली.

तयारी

टाकी भिंतीला लागून, पक्क्या टेबलावर ठेवावी. ५६ लिटरची टाकी वाळूसकट सत्तर किलोच्या वर जाते. खिडकीतले थेट ऊन नको. वाळू बारीक हवी, कारण मल्टी दिवसभर तोंडाने वाळू उपसत असतो. आम्ही बांधकामाची वाळू चाळून, पाणी नितळ निघेपर्यंत धुतली आणि दोन इंच थर दिला. एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर पुरतो. त्यात पिल्ले ओढली जात नाहीत.

शंख प्रत्येक माशामागे दोन तरी हवेत, तोंड रुंद आणि आकार गोलसर. धाकट्याने दापोलीच्या किनाऱ्यावरून खिसे भरून शंख आणले होते. त्यातले लांबट, निमुळते शंख आम्ही बाजूला काढले, कारण अशा शंखात मासा अडकून मरू शकतो. तळ्याकाठी मिळणाऱ्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे रिकामे शंख सर्वांत चांगले. उकळून, घासून घ्यावेत. शेतातले शंख मात्र उचलू नयेत. २०२२ च्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या सोयाबीनवर शंखी गोगलगायींची धाड आली होती, तेव्हापासून बांधाबांधावर शंख दिसतात. ही गोगलगायही मूळची आफ्रिकेचीच. पण तिला मारायला विषारी गोळ्या टाकलेल्या असतात.

यानंतरचे काम सर्वांत अवघड, ते म्हणजे थांबणे. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढावे लागतात, आणि त्याला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रिकाम्या टाकीत चिमूटभर खाणे टाकत राहायचे आणि पाणी तपासायचे. जड, जास्त पीएचच्या पाण्यात तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो, म्हणून आमच्यासारख्यांनी तर घाई करूच नये. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मगच मासे आणावेत. पहिल्या वेळी आम्ही टाकी आणि मासे एकाच दिवशी घरी आणले होते, आणि नंतर सगळे पाणी एकदम बदलले होते. त्या माशांना पिवळ्याने मारले त्याहून जास्त आम्ही मारले, हे कळले तेव्हा आम्ही ते धाकट्याला सांगितले. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर उशिरा का होईना, खरे द्यावे.

दुकानात जाताना माशाचे पूर्ण शास्त्रीय नाव कागदावर लिहून न्यावे. 'आफ्रिकन मिक्स' घेऊ नये. आपल्यासमोर खाणे टाकायला सांगावे. पोट खपाटीला गेलेला, पर मिटून बसलेला, पांढऱ्या दोऱ्यासारखी विष्ठा टाकणारा मासा घेऊ नये. त्याच टाकीत मेलेला मासा दिसला तर कितीही लांबून आलो असू, परत फिरावे. मल्टीचे सहा लहान मासे पुरे. दोन वर्षांत त्यांचे ते वीस होतात.

खाणे दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच, बारीक चुरलेले. तापमान २४ ते २७ अंश. लातूरच्या डिसेंबरात पन्नास वॉटचा हीटर लागतो. मे महिन्यात टाकीवर पंख्याचा वारा सोडून, वरचे झाकण काढून जाळी ठेवावी आणि एअर पंप बंद पडू देऊ नये, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो. वीज जाते त्या गावांत बॅटरीवर चालणारा पंप घरात असावा.

हजेरी

मल्टी आमच्याकडे आले त्याला आता वर्ष होत आले. सुरुवातीचा महिनाभर ते शंखांतून डोळे बाहेर काढून बघत बसायचे. मग त्यांनी सगळी वाळू आपल्या मर्जीप्रमाणे उपसून ठेवली, आमची मांडणी मोडली आणि स्वतःचा मोहल्ला वसवला.

एका रविवारी आम्ही पाणी बदलत होतो. एक शंख नळीच्या आड येत होता म्हणून तो उचलून बादलीत ठेवला आणि काम संपवून बादली अंगणात नेली. अम्मी पुदिन्याला पाणी घालणार, इतक्यात आतून आवाज आला, "अब्बू, पाचच आहेत!"

आम्ही म्हणालो, असेल कुठल्या तरी शंखात. तो म्हणाला, "नाही, सगळे शंख बघितले, एक शंखच कमी आहे." धावत येऊन त्याने बादलीत हात घातला, शंख वर काढला आणि टाकीत सोडला. थोड्या वेळाने शंखाच्या तोंडाशी दोन निळसर डोळे दिसले. ती मादी होती. आठ दिवसांनी त्याच शंखाच्या तोंडाशी डासाच्या अळीएवढी पिल्ले दिसू लागली.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: पाणी बदलताना शंख उचलायचा नाही, आणि बादली ओतण्याआधी हजेरी घ्यायची. हजेरी धाकटा घेतो. आम्ही वीस वर्षे वर्गात हजेरी घेत आलो, पण गैरहजर कोण आहे याची इतकी काळजी आम्हाला दर वेळी वाटली असे म्हणवत नाही.

जाता जाता

पिल्ले वाढली आणि टाकी भरली तर जड पाण्याच्या घरी ज्याला हवी त्याला द्यावीत, पण नदी-तलावात कधीही सोडू नयेत. १९५२ मध्ये भारतात आणलेली तिलापी आज किती पाण्यांत पसरली आहे आणि इथल्या माशांची जागा तिने कशी खाल्ली, हे कोळी बांधवांना विचारावे. दया म्हणून सोडलेला मासा दुसऱ्या कुणाच्या तोंडचा घास होऊ शकतो.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला आमचे सांगणे एवढेच: मुलाला नाही म्हणू नका, पण त्याला सहा आठवडे थांबायला लावा. त्या काळात त्याच्याकडून पाणी तपासून घ्या, टाकीचे लिटर काढून घ्या, वहीत लिहून घ्या. सहा आठवड्यांनीही त्याची इच्छा टिकली तर तो मासे सांभाळील. टिकली नाही तर सहा जीव वाचतील. दोन्हींत नफाच आहे.

अम्मी आता संध्याकाळी टाकीपुढे खुर्ची टाकून बसतात. परवा एका मोठ्या पिल्लाने लहानग्याला शंखाबाहेर ढकलले, तर त्या म्हणाल्या, "बघा, थोरला आहे, पण समज नाही." थोरली शेजारीच अभ्यास करत होती. तिने मुकाट्याने आपली अर्धी उशी धाकट्याकडे सरकवली.